पार्ट बंद करताय तर करा, पण मापं तरी द्या: पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांच्या पार्ट विभागांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाही. ज्यांनी कधीकाळी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप बनवले, विकले, आणि आता त्यांच्या ब्रेकच्या पार्टपुढे 'उत्पादन बंद' एवढे दोन शब्द टाकून मोकळे होतात, त्या सगळ्यांना आहे. कुठला नंबर चालू ठेवायचा आणि कुठला यादीतून उडवायचा हे तुमच्यातलं जे कोणी ठरवत असेल त्यांनी वाचलं तर फार बरं. नाही वाचलं तर बाकीचे जुने गाडीवाले वाचतीलच, त्यांना नवीन काही वाटणार नाही म्हणा.

माझी गाडी ३१ वर्षांची आहे. शिडीसारखी चासी, पुढेमागे सरळ एक्सल, पाटे, पुढच्या हबवर हाताने फिरवायचे लॉक, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. एबीएस वगैरे भानगड नाही. तिचं काम एकच, ७५० लिटरची पाण्याची टाकी भरून कच्च्या रस्त्याने चढावर न्यायची, वर ओतायची आणि रिकामी खाली यायची. म्हणजे जाताना पाठीवर पाऊण टन आणि येताना काहीच नाही. हे जरा लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

या गाडीचं इंजिन दोनदा उघडलंय, गिअरबॉक्स एकदा. त्याचे पार्ट काही नवीन मिळाले, काही दुसऱ्या गाडीतून काढलेले मिळाले आणि चालून गेले. जुना गिअर टाकला आणि तो करकरला तर गाडी फार तर थांबेल. ब्रेकमधे नेमकं उलटं आहे ना, पार्ट चुकला तर गाडी थांबत नाही. म्हणून बाकी कुठल्या पार्टबद्दल मी कधी पत्र लिहायला बसलो नाही, आणि आज बसलोय.

सुरुवात झाली मागच्या डाव्या चाकापासून. टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला, ड्रम काढला तर व्हील सिलिंडर झिरपत होता आणि ब्रेक ऑइलने लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचा ड्रमला घासणारा थर, भिजून काळाकुट्ट. आता व्हील सिलिंडर म्हणजे असतं काय, बीडाची एक छोटी नळी, दोन बाजूंना दोन पिस्टन, दोन रबरी कप, मधे एक स्प्रिंग. नळी सहसा बिघडत नाही, बिघडतो तो कप. पूर्वी याची किट मिळायची, कप आणि बाहेरच्या टोप्या, अर्ध्या तासात काम. मग तुम्ही किट बंद केली आणि म्हणालात असेंब्लीच, म्हणजे अख्खा सिलिंडरच घ्या, बरं बाबा घेतो, तर थोड्या वर्षांनी असेंब्लीही बंद. किट नाही म्हणून असेंब्ली, असेंब्ली नाही म्हणून गाडी बदला, असा हा जिना आहे आणि तो खालीच उतरतो.

एक किट मला जुन्या स्टॉकमधली मिळाली होती, आणि ती मी स्वतःच्या हाताने घालवली. सांगायला लाज वाटते पण सांगतो. सिलिंडर पुसायला घेतलेलं फडकं डिझेलचं होतं आणि त्याच फडक्याने मी कपही पुसले. हे रबर ईपीडीएम जातीचं असतं, ब्रेक ऑइलमधे वर्षानुवर्षं सुखाने राहतं पण डिझेल, पेट्रोल, साधं ग्रीस लागलं की फुगतं. सकाळी बघतो तर कप फुगून मऊ पडलेले, नळीत जाईनात. चूक शंभर टक्के माझी, ती तुमच्या माथी मारत नाही. पण नाण्याएवढ्या रबराला दुसरा तुकडाच जगात शिल्लक नसावा, ही माझी चूक नाही.

मग सुरू झाला शोध, आणि इथे माझी दुसरी तक्रार, तुमचे कॅटलॉग. कॅटलॉगमधे मॉडेलचं नाव आणि सलग दहा वर्षं लिहिलेली असतात, या सालापासून त्या सालापर्यंत सगळ्या गाड्यांना चालतो म्हणे. कुठला चालतो! त्याच दहा वर्षांत मधेच ड्रम मोठा झाला, २५४ मिलिमीटरचा २९५ झाला, शूची रुंदी बदलली, सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, बदलला, आणि हा बदल साल बघून नाही तर चासी नंबर बघून झाला. नेमक्या कुठल्या चासी नंबरपासून, ते तुमच्या कागदात असणार, आमच्यापर्यंत आलं नाही. शिवाय बरेच बाहेरचे पार्टवाले तुमचीच यादी उचलतात, म्हणजे तुमची एक चूक दहा दुकानांत दहा वेळा छापलेली.

मला जो सिलिंडर आला तो बघायला हुबेहूब. बोल्टची भोकं जुळली, पाइप जुळला, निपल जुळला. मेकॅनिक बसवायलाच निघाला होता, पण मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं जरा कॅलिपर लावून बघू, म्हणजे मोजायचा कॅलिपर, ब्रेकचा नाही. माझ्या जुन्या सिलिंडरचा बोअर ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर. नवीन निघाला ३/४ इंच, १९ मिलिमीटरच्या जरासा वर. तीन मिलिमीटरचा फरक, डोळ्याला दिसतही नाही. पण पाइपमधलं प्रेशर दोन्ही चाकांना सारखंच असतं आणि शूवर पडणारा जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो, तिथे हा फरक वर्गाने वाढतो. हिशोब केला तर त्या चाकाला २६ टक्क्यांहून जास्त जोर कमी मिळाला असता. डावं चाक कमी धरतंय, उजवं पूर्ण धरतंय, आणि ओल्या उतारावर गाडी उजवीकडे ओढतेय. हे सगळं एका डब्यावरच्या स्टिकरमुळे. डब्यावर गाडीचं नाव होतं, बोअर नव्हता! एक आकडा छापायला किती शाई लागते हो?

पाइपच्या आट्यांचंही तेच. एम १० चा एक मिलिमीटर पिचचा नट आणि ३/८ इंचाचा २४ आट्यांचा नट शेजारी ठेवा, घाईत ओळखू येत नाहीत. इंचवाला नट मिलिमीटरच्या भोकात सैलसर जातो सुद्धा, धरल्यासारखा वाटतो, आणि कधीतरी जोरात पेडल दाबलं की आटे सोडतो. पाइपचं फाकवलेलं तोंड, म्हणजे फ्लेअर, दुहेरी आहे की बुडबुड्यासारखं हेही कुठे लिहिलेलं नसतं.

पुढच्या डिस्कबद्दल थोडक्यात सांगतो कारण ते झालं एकदाचं. आमच्या गाडीत डिस्क हबच्या मागे बोल्टने बसते, म्हणजे ती बदलायला कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून चिमटणारा भाग) काढा, लॉकिंग हब काढा, लॉक नट काढा, बेअरिंग काढा, ग्रीसने कोपरापर्यंत माखा, मग डिस्क हातात येते. आणि एवढं करून नवी डिस्क चार मिलिमीटर आत बसली, कॅलिपरच्या मधोमध येईना. पुन्हा सगळं खोला. जुन्या डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा ओतलेला असतो, ड्रमवर जास्तीत जास्त व्यास असतो, हे तुम्ही फार चांगलं केलंत आणि त्याबद्दल मनापासून आभार, कारण गाडीवर तुमच्याकडून मिळालेली तेवढीच माहिती आहे जी हरवत नाही. हबचा ऑफसेटही, म्हणजे डिस्क किती आतबाहेर बसते ते मापही, असाच ओतला असतात तर माझा एक दिवस वाचला असता.

तिसरी गोष्ट रबराच्या वयाची. जुन्या गाडीवाल्याला 'नवीन जुना माल' मिळतो, म्हणजे डब्यातून कधी निघालाच नाही असा. लोखंडाला चालतं ते. रबराला नाही. माझ्या पुढच्या उजव्या चाकाचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी, असाच सीलबंद होता, बाहेरून काळा तुकतुकीत, आणि बसवून पंधरा दिवसांत ते चाक गरम व्हायला लागलं. पेडल दाबलं की ऑइल जायचं पण सोडल्यावर परत यायला कुरकुर करायचं, कारण होज आतून सोलून त्याचा पडदा झाला होता, एकाच बाजूने उघडणारा. रिमजवळ हात नेला तर भट्टी. गंमत म्हणजे होजवर तारीख शोधायची असते हे मला नंतर कळलं. अमेरिकेत ब्रेक होजवर बनवल्याची तारीख छापायचा नियमच आहे. मग कप, सील, टोप्या यांच्या पाकिटावर का नको? रबर तेच म्हातारं होतं ना.

माझ्याकडून कसूर नाही हेही नोंदवून ठेवतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतलं पाणी पितं आणि पाणी प्यायलेलं ऑइल लवकर उकळतं. डॉट ४ जातीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ओलं झाल्यावर ती मर्यादा १५५ वर येते, आणि लांब उतारावर १५५ काही फार लांब नसतं. ड्रमची धूळ हवेने उडवत नाही, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं म्हणून ओल्या फडक्याने पुसतो. शूला नवे लायनर चिकटवून घेतलेत, सिलिंडरला शेवटी आतून स्टीलची बाही बसवून मूळ बोअर परत आणलाय. जे हाताने होण्यासारखं आहे ते सगळं करून बसलोय.

आता जे हाताने होण्यासारखं नाही त्याबद्दल.

मागच्या एक्सलवर चासीला एक व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. त्याची एक दांडी एक्सलला जोडलेली. माल भरला की चासी खाली बसते, दांडी सरकते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी झाली की चासी वर येते आणि व्हॉल्व्ह मागचं प्रेशर एका हद्दीनंतर रोखतो, कारण रिकाम्या पिकअपचं बूड हलकं असतं, मागच्या चाकांना जमिनीची पकड कमी, जास्त प्रेशर गेलं तर ती आधी लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात, आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. कारमधे हे तितकं जाणवत नाही. पिकअपचा तर हा जीव आहे. पाऊण टनाचा फरक ज्या गाडीत दिवसातून चार वेळा पडतो तिला हा व्हॉल्व्ह म्हणजे चैन नाही.

माझा व्हॉल्व्ह गंजून भरलेल्या गाडीच्या स्थितीत अडकला. मला कळलंच नाही बरेच दिवस, आणि का कळलं नाही ते सांगतो, कारण तुमच्यातल्या इंजिनिअरना ते पटेल. उतरताना मी लो रेंजमधे असतो, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लॉक, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले, म्हणजे मागची चाकं एकटी लॉक होऊच शकत नाहीत, पुढची त्यांना फिरवत ठेवतात. शिवाय इंजिन चारही चाकांना धरून ठेवतं. म्हणजे जिथे मला भीती वाटायची तिथे गाडी सरळ यायची. खाली सपाट ओल्या रस्त्यावर आलो, लिव्हर टू व्हीलला टाकला, शंभरेक मीटर गेलो आणि समोर एक म्हैस आली म्हणून ब्रेक मारला, साधाच मारला हो, आणि शेपूट डावीकडून निघून थेट माझ्या खिडकीच्या बाजूला. रस्ता रुंद होता म्हणून गाडी आडवी होऊन थांबली. म्हैस बघत उभी. मी दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसलो होतो.

हा व्हॉल्व्ह बंद आहे. किट कधी निघालीच नव्हती. तुमच्या पार्ट काउंटरवर मला जे उत्तर मिळालं ते जसंच्या तसं देतो: "काढून टाका आणि मधे टी जोडा, सगळे तेच करतात." सगळे तेच करतात हे खरं आहे, मी विचारलं चार जणांना, तिघांनी तेच केलंय. पण टी, म्हणजे पाइपांचा साधा तीन तोंडांचा जोड, लावणं म्हणजे माझा अडकलेला व्हॉल्व्ह कायमचा तसाच ठेवणं. गाडी बनवणाऱ्याच्या काउंटरवरून हे ऐकायला मिळालं तेव्हा मला राग नाही आला, मला समजेचना काय बोलावं.

दुसरा उपाय म्हणजे हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, मागच्या ब्रेकचं प्रेशर ठरवून कमी करणारा. तो मिळतो, चांगला असतो, रेसिंगच्या गाड्यांत वापरतात. पण तो एकदा लावला की तिथेच राहतो, त्याला माल कळत नाही. रिकाम्यासाठी लावला तर भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा, भरलेल्यासाठी लावला तर पुन्हा म्हैस. आणि समजा दुसऱ्या गाडीचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बसवायचं ठरवलं, तर त्याचं प्रेशर कुठल्या उंचीला किती सोडायचं हे जुळवायला माझ्या मूळ व्हॉल्व्हचा तक्ता लागेल: रिकाम्या गाडीत पुढे अमुक प्रेशर असताना मागे किती, भरलेल्या गाडीत किती, दांडीची लांबी किती. हा तक्ता तुमच्याकडे आहे. तो असल्याशिवाय गाडी बनलीच नसती. मी तीनदा लिहून मागितला, दोनदा उत्तर नाही, तिसऱ्यांदा आलं की ही माहिती गोपनीय आहे. ३१ वर्षांपूर्वीच्या, तुम्ही स्वतः बनवायचं बंद केलेल्या व्हॉल्व्हची. कोण चोरणार आहे ते?

तुमची बाजू मला समजत नाही असं नाही. साचे झिजतात, जागा लागते, वर्षाला चार नग खपणाऱ्या पार्टसाठी लाइन चालू ठेवणं परवडत नाही. मान्य. पण परवडत नाही हे सगळीकडे सारखं लागू होत नाही हेही आम्ही बघतोय. निस्सानने २०१७ मधे स्कायलाइन जीटी-आरचे बंद झालेले पार्ट पुन्हा काढायला सुरुवात केली, टोयोटाने २०२० पासून जुन्या सुप्रा आणि २००० जीटीचे काढले, २०२१ मधे लँड क्रूझर ४० चीही घोषणा केली. फार चांगलं काम, टोपी काढतो. म्हणजे जुन्या कागदांवरून पार्ट पुन्हा उभा करता येतो हे सिद्ध झालंय. फक्त ज्या गाड्या गॅरेजमधे कापडाखाली झोपतात त्यांचा नंबर आधी लागतो, आणि ज्या रोज चिखलात राबतात त्यांचा लागतच नाही. माझ्या पिकअपचं पोस्टर कोणी भिंतीवर लावलं नसेल, पण आजही ती पाणी ओढतेय.

आणि 'डुप्लिकेट वापरू नका' हे तुमचं ब्रीद. नको, अजिबात वापरायचं नाही. पण ओरिजिनल तुम्ही बनवत नाही आणि चांगल्या बाहेरच्या माणसाने बनवावं म्हणून मापं देत नाही, मग उरतं काय? युरोपात बदली पॅड आणि शूसाठी आर ९० नावाचा नियम आहे, मूळ पार्टच्या कामगिरीच्या १५ टक्क्यांच्या आत राहावं लागतं. म्हणजे बाहेरचा पार्ट चांगला असू शकतो, त्याला फक्त तुलना करायला मूळ आकडा हवा.

म्हणून मागण्या. फार नाहीत आणि एकही फुकट नाही, पार्टचे पैसे देणारच आहोत.

ब्रेकचा कुठलाही पार्ट बंद करण्याआधी दोन वर्षं जाहीर सांगा, शेवटचा लॉट कधी निघणार तेही सांगा. आम्ही जमवाजमव करू, चार जण मिळून ऑर्डर देऊ.

असेंब्ली बंद केलीत तरी रबराची किट चालू ठेवा. कप आणि सील हे बहुतेक वेळा बोअरच्या मापाने ठरतात, गाडीच्या नावाने नाही, त्यामुळे एकच किट दहा मॉडेलना चालते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. पाकिटावर बोअर छापा आणि बनवल्याची तारीख छापा.

कॅटलॉगमधे साल नको, चासी नंबर हवा, आणि शेजारी हे आकडे: सिलिंडरला बोअर, शूला रुंदी आणि ड्रमचा व्यास, डिस्कला ऑफसेट.

आणि सगळ्यात मोठी मागणी, जिच्यासाठी हे पत्र आहे. ज्या दिवशी ब्रेकचा पार्ट कायमचा बंद कराल त्या दिवशी त्याचं ड्रॉइंग उघडं करा. मापं, आटे, फ्लेअर, रबराची जात, आणि व्हॉल्व्ह असेल तर त्याचा प्रेशरचा तक्ता. साचे द्यायचे नसतील तर नका देऊ. कागद द्या. बनवणारे लेथवाले, छोटे कारखानदार आहेत, त्यांना अंदाजाने बनवायला लावू नका. पेडलवर पाय आमचा असतो.

हे पत्र लिहिताना व्हॉल्व्ह समोर टेबलावर आहे. दांडीचं बुश झिजून अंडाकृती झालंय, अंगावर एक ओतलेला नंबर आहे, पहिले पाच आकडे वाचता येतात, शेवटचे दोन गंजलेत. गाडी स्टँडवर उभी आहे, मागची चाकं काढलेली, आणि पाइपांची तोंडं टोप्या लावून बंद केलीत, आत धूळ जाऊ नये म्हणून. तक्ता आला की दुसरा व्हॉल्व्ह जुळवता येईल, मग पाइपांतली हवा काढायला फार तर एक दुपार, तीही एक्सल लोंबकळत ठेवून नाही, चाकांवर वजन देऊन, नाहीतर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे.

आपला,
एक जुना पिकअपवाला